भाताला आंबेमोहोराचा वास देणारं पान : अन्नपूर्णेचं झाड कुंडीत लावण्यापासून आधणात टाकण्यापर्यंत

साधा कोलम शिजत असताना घरभर आंबेमोहोराचा वास सुटला, की घरातलं माणूस पहिल्यांदा विचारतं, "तांदूळ बदललास का?" आमच्याकडे सासूबाईंनी विचारलं होतं. तांदूळ तोच होता. आधणात फक्त वीतभर लांबीचं एक हिरवं पान गाठ मारून टाकलं होतं.

हे पान ज्या झाडाचं, त्याला आपल्याकडे कोणी अन्नपूर्णा म्हणतं, कोणी बासमतीचं पान. श्रीलंकेत ते रंपे, केरळात रंभा, इंडोनेशिया-मलेशियात पंदन. शास्त्रीय नाव पँडॅनस अमॅरिलिफोलियस. आपल्या केवड्याच्याच कुळातलं, पण काट्यांचा त्रास नसलेलं. लहानपणी ते हिरव्या पात्यांच्या झुबक्यासारखं दिसतं. वाढू दिलं तर खाली बारीक खोड, खोडाला टेकू दिल्यासारखी हवाई मुळं आणि वर पानांचा तुरा, असं छोट्या ताडामाडासारखं रूप घेतं. शोभेचं झाड म्हणून गॅलरीत ठेवावं इतकं ते देखणं आहे, आणि रोजच्या स्वयंपाकात उपयोगी पडतं हे त्याहून मोठं. ज्यांनी कधी लावलेलं नाही त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. माझं झाड ठाण्यात, पूर्वेकडच्या गॅलरीत आहे. तुमचं गाव वेगळं असेल तर काय बदलायचं, तेही पुढे येईल.

आधी ओळख पक्की करा

नर्सरीत जाण्याआधी हे नीट वाचा. ताडासारख्या दिसणाऱ्या शोभेच्या झाडांची नर्सरीत दाटी असते आणि त्यातली सगळी खाण्याजोगी नसतात. एका नर्सरीत मला अन्नपूर्णा म्हणून चक्क ड्रसीना दिलं होतं. पानं लांब, हिरवी, झुबक्यात, सगळं सारखं. वास मात्र शून्य.

खरं पान ओळखायच्या तीन खुणा. पान तलवारीसारखं लांब आणि मधोमध दुमडलेलं असतं, आडवं कापलं तर कड इंग्रजी एम किंवा डब्ल्यूसारखी दिसते. कडा गुळगुळीत असतात, अगदी टोकाजवळ बारीक काटे बोटाला लागले तर लागतात. आणि पानं खोडाभोवती गोल जिना चढावा तशी फिरत फिरत येतात.

चौथी खूण वासाची, आणि शेवटचा निकाल तिचाच. झाडावरचं ताजं पान नाकाशी धरलं तर फारसं काही कळत नाही. इथेच लोक फसतात आणि खरं झाड परत करून येतात. हा वास पान सुकायला लागलं किंवा तापलं, की सुटतो. म्हणून एक पान मागून घ्या, चुरगळून गाठ मारा, घरी आणून कपभर कडकडीत पाण्यात पाच मिनिटं झाकून ठेवा. झाकण उघडल्यावर ताज्या भाताचा वास आला तर झाड घ्या.

केवड्याशी गल्लत करू नका. केवड्याच्या पानाच्या दोन्ही कडांना आणि मागच्या शिरेला करकरीत काटे असतात. सुगंध त्याच्या नर फुलोऱ्यात असतो, पानात नाही. अन्नपूर्णेचं बरोबर उलटं, सगळी दौलत पानात.

सायकसबद्दल मात्र कळकळीने सांगते. नर्सरीत त्याला सॅगो पाम म्हणतात. नावात सॅगो आहे म्हणून साबुदाणा याच झाडाचा, असं समजणारी माणसं मला भेटली आहेत. आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या बाजूला आहेत. आग्नेय आशियातला मूळचा सॅगो निघतो तो मेट्रोझायलॉन नावाच्या निराळ्याच ताडाच्या खोडातून. सायकस विषारी आहे, बिया तर फारच. लहान मुलं आणि कुत्री असलेल्या घरात ते हाताच्या अंतरावर ठेवू नये.

बी नाही, फुटवा मागा

ऑनलाइन 'पंदन सीड्स' म्हणून पाकिटं विकायला दिसली तर पैसे वाया घालवू नका. या झाडाला बी धरत नाही. फुलतच नाही म्हटलं तरी चालेल. नर फुलोऱ्याची क्वचित नोंद आहे ती इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरची. म्हणजे आज जगात जिथे जिथे हे झाड आहे, तिथे ते कुणीतरी हाताने फुटवा नेऊन लावलेलं आहे. जंगलात आपोआप उगवलेलं नाही, पाखरांनी आणलेलं नाही. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात काम करताना याचं वर्णन केलं आणि १८३२ साली, त्याच्या मृत्यूनंतर, ते 'फ्लोरा इंडिका'त छापलं गेलं. तेव्हाही ते माणसाच्या अंगणातलंच झाड होतं.

माझा फुटवा आमच्या मजल्यावरच्या मल्याळी काकूंनी दिला. त्या बिर्याणीत हे पान घालतात. मी वास विचारला, त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून तीन फुटवे दारात आणून दिले. तुमच्या ओळखीत केरळचं किंवा मंगळूरकडचं कुणी असेल तर आधी तिथे विचारा. नाहीतर नर्सरी आहेच.

फुटवा निवडताना पानांची संख्या बघू नका, बुंधा बघा. पेन्सिलीपेक्षा जाड असावा आणि त्याला काडेपेटीतल्या काडीएवढी पांढुरकी, बोथट मुळं सुटायला लागलेली असावीत. ही मुळं जमिनीत नसतात, खोडावरच हवेत लोंबतात. ती असली की फुटवा जगणारच, असं धरून चालायला हरकत नाही. बोटभर लांबीचा, मुळं नसलेला कोवळा फुटवा ओढून काढला तर तो बहुतेक वेळा कुजतो.

पाण्यात मुळं, मग मातीत

मुळं तोकडी असतील तर थेट कुंडीत न लावता आधी पाण्यात ठेवा. काचेच्या पेल्यात दोन बोटं पाणी घ्या. बुडखाच तेवढा बुडला पाहिजे, पानं बुडाली तर सडतात. खालची एक-दोन पानं काढून टाका, वरची फार लांब असली तर कात्रीने अर्धी करा, म्हणजे मुळं नसताना झाडावर पाण्याचा ताण येत नाही. पेला उजेडात ठेवा, ऊन थेट नको. दोन दिवसांनी पाणी बदला.

दोन ते चार आठवड्यांत मुळं लांबतात. आधी जाड दोरीसारखं एक मूळ येतं, मग त्यालाच बारीक केसासारखी उपमुळं फुटतात. ही बारीक मुळं दिसली की मातीत लावायची वेळ झाली. नुसतं जाड मूळ बघून घाई करू नका.

लावण्याचा सगळ्यात चांगला काळ मृगापासून पुढचे दोन महिने. हवेत दमटपणा असतो, ऊन सौम्य असतं, आणि थंडी येईपर्यंत झाडाला रुजायला चार-पाच महिने मिळतात. डिसेंबर-जानेवारीत फुटवा हाती आला तर फेब्रुवारी संपेपर्यंत पाण्यातच राहू द्या.

कुंडी आणि माती

पहिली कुंडी ८ इंचांची पुरे. एवढ्याशा फुटव्याला थेट १४ इंची कुंडीत लावलं तर भोवतीची माती दिवसेंदिवस ओली राहते आणि बुडखा कुजतो. वर्षभराने, मुळं खालच्या भोकातून डोकावू लागली की १२-१४ इंची कुंडीत हलवा.

मातीचं माझं मिश्रण असं : दोन भाग बागेतली लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, अर्धा भाग जाड वाळू आणि वर मूठभर निंबोळी पेंड. तुमच्याकडे काळी माती असेल तर वाळू दुप्पट करा. काळी माती पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते, दोन्ही या झाडाला सोसत नाही. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवायला विसरू नका.

फुटवा सरळ उभा राहत नसेल तर बांबूची काडी लावून सुतळीने सैल बांधा. खोल पुरून उभा करायचा मोह टाळा. बुडख्याच्या वरचा, जिथून पानं सुटतात तो भाग मातीबाहेरच हवा.

ऊन, पाणी आणि आपापलं गाव

आग्नेय आशियात हे झाड घरामागच्या ओलसर जागेत, ओहोळाच्या किंवा सांडपाण्याच्या पाटाच्या कडेला, माडा-केळीच्या सावलीत वाढतं. एवढं चित्र डोळ्यांसमोर ठेवलं तर बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन, दुपारी सावली, बुडाशी कायम ओल आणि तरी पाणी साचलेलं नको.

कोकणात आणि गोव्यात तर काहीच करावं लागत नाही. पोफळीच्या बागेत, न्हाणीघराचं पाणी जिथून वाहतं त्या कडेला लावून द्या, दोन वर्षांत झुडूप होईल. मुंबई-ठाण्यातही सोपं आहे, गॅलरी पश्चिमेची असेल तर मार्च ते मे दुपारी एखादी जुनी पांढरी साडी आडवी बांधा.

पुणे, नाशिक, सातारा इथे अडचण थंडीची. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की झाडाची वाढ थांबते, १० च्या खाली पानं फिकट पडून डागाळतात. तेव्हा कुंडी भिंतीला लावून ठेवा, रात्री घरात घ्या, आणि पाणी निम्म्यावर आणा. विदर्भात आणि मराठवाड्यात अडचण कोरड्या उन्हाची. नागपूरच्या मे महिन्यात हे झाड उघड्या गच्चीवर टिकणार नाही. ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, कुंड्यांचा एकत्र गोतावळा आणि मधे पाण्याचं घमेलं, एवढं केलं तर तगून जातं.

परदेशात थंड देशात असाल तर वर्षातले सहा-सात महिने हे घरातलंच झाड. खिडकीजवळ ठेवा, हीटरच्या झोतापासून लांब. सिंगापूर-मलेशियातल्या आपल्या लोकांना लावायचीही गरज नाही, तिथे भाजीबाजारात जुड्या मिळतात.

पाण्याचा नियम बोटाने ठरवा. पहिल्या पेरापर्यंत बोट मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या, ओलं लागलं तर उद्या बघा. माझ्याकडे उन्हाळ्यात रोज, पावसाळ्यात जवळजवळ नाही आणि हिवाळ्यात तीन दिवसांनी एकदा असा हिशेब पडतो. बोअरचं जड पाणी वापरलं की पानांची टोकं करपतात. तसं दिसलं तर पाणी बादलीत ठेवून काही फरक पडत नाही, क्षार तसेच राहतात. पावसाचं पाणी साठवून ते द्या किंवा महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर पाणी वाहून जाऊ द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात.

खत, रोग, कीड

दीड-दोन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत, पावसाळ्याच्या तोंडावर मूठभर निंबोळी पेंड. पानांसाठीचं झाड आहे, त्यामुळे फुलाफळांची खतं देऊ नका. पानं खायची असल्यामुळे रासायनिक फवारणी तर अजिबात नको.

कीड लागते ती पिठ्या ढेकणाची. पानाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात, मुंग्या खोडावर ये-जा करू लागल्या की समजावं. ओल्या फडक्याने पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि दोन-चार थेंब भांड्याचा साबण घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. फवारल्यावर दहा-बारा दिवस पानं स्वयंपाकात घेऊ नका, नीमतेलाचा कडवटपणा भातात उतरतो. कोरड्या उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळी आणि धुळीसारखे ठिपके दिसले तर ते लाल कोळी. त्यांना पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

खालची एखाद-दुसरी पानं पिवळी पडणं नेहमीचं आहे. मधला कोवळा कोंबच पिवळा पडून ओढल्यावर हातात आला, तर बुडखा कुजला. अशा वेळी झाड उपटा, कुजकं कापून टाका, खोडावर वर कुठे हवाई मुळं असतील तिथून चांगला भाग कापून पुन्हा पाण्यात ठेवा. पुष्कळदा वाचतं.

पान कधी आणि कसं काढायचं

इथे मी चूक केली होती, ती तुम्ही करू नये. लावून सहा महिने झालेल्या झाडाची मी गणपतीत एका दमात बारा पानं काढली. मोदक छान झाले. झाड मात्र दिवाळीपर्यंत तसंच खुरटून उभं राहिलं, मग थंडी आली, आणि नवं पान बघायला मला होळी उजाडली.

पहिली पानं वर्षाने काढा. त्या आधी फारच इच्छा झाली तर एखादं. झाडावर नेहमी निदान आठ-दहा पानं ठेवायची. काढायची ती तळातली, गडद हिरवी, जून पानं. वास आणि रंग त्यांच्यातच जास्त असतो. मधला पोपटी कोंब म्हणजे झाडाचा जीव, त्याला हात लावायचा नाही. पान ओढून तोडलं तर खोडाची साल निघते, म्हणून बुडापाशी कात्रीने किंवा विळीने कापा. खालून अशी पानं काढत गेलं की हळूहळू खोड उघडं पडतं आणि ते ताडासारखं रूप येतं. शोभेसाठी ते हवं असेल तर फुटवे काढून एकच खोड वाढू द्या. झुडूप हवं असेल तर फुटवे राहू द्या. मला स्वयंपाकासाठी झुडूप बरं वाटतं.

हा वास आहे तरी कशाचा?

थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. बासमती, आंबेमोहोर आणि हे पान, तिघांच्या वासामागे प्रामुख्याने एकच रसायन आहे, २-असेटिल-१-पायरोलिन. रॉन बटरी आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आधी सुवासिक तांदळात आणि मग या पानात शोधलं. त्यांच्या मोजणीत पानातलं प्रमाण सुवासिक तांदळाच्या दहापट भरलं. मुळशी-मावळचा नवा आंबेमोहोर शिजताना जो वास येतो आणि तोच तांदूळ जुना झाला की उणावतो, तोही हाच, कारण हे द्रव्य उडून जाणारं आहे.

आणि वाघ जंगलात हद्द आखायला जो फवारा मारतो, त्यातही हेच द्रव्य सापडलं. रतनलाल ब्रह्मचारी या बंगाली वैज्ञानिकांनी ते १९९० च्या सुमारास दाखवून दिलं. वाघाच्या वाटेवर बासमतीचा वास येतो, असं जंगलात फिरणारी माणसं सांगतात, त्याचं मूळ हे आहे.

स्वयंपाकासाठी यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या : पान तापलं पाहिजे, आणि भांडं झाकलेलं पाहिजे.

आधी भात

पान धुवा, सुरीच्या पाठीने दोन-तीन ठिकाणी हलकं चेचा. मग दोन्ही टोकं धरून सैल गाठ मारा. गाठ मारताना दुमडीवर पान 'कट्' असं मोडतं आणि त्या फटीतून पहिल्यांदा वास येतो, तो क्षण मला अजूनही आवडतो. गाठीचा उपयोग सरळ आहे : पान एकत्र राहतं, शिजल्यावर काढून टाकायला सापडतं. पान स्वतः चावून खायचं नाही, त्याला वाखासारखे धागे असतात.

एक वाटी तांदळाला वीतभराचं एक पान. आधणाच्या पाण्यात आधी पान टाका, पाण्याला उकळी आली की तांदूळ वैरा, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. कुकरमध्ये करायचं तर तांदळावर पान ठेवून नेहमीसारख्या शिट्ट्या. मी कोलमच घेते. आधीच सुवासिक असलेल्या तांदळात पान घालून फार काही हाती लागत नाही. दोन पानं घातली तर भात गवतट लागतो, हेही करून बघितलं आहे.

भात जमला की नारळाकडे वळा, कारण या पानाची खरी जोडी नारळाच्या दुधाशी आहे. मलेशियातला नासी लमाक म्हणजे नारळाच्या दुधात हे पान घालून शिजवलेला भात. आपल्या नारळीभातासाठी मी नारळाचं दूध, एक पान आणि चिमूट मीठ पाच मिनिटं मंद तापवून झाकून ठेवते आणि त्यात भात शिजवते. नारळाच्या दुधाला खळखळून उकळी आणू नका, फुटतं. लवंग ठेवा, वेलदोडा मात्र त्या दिवशी गाळा. वेलदोड्यापुढे हा वास दबतो.

उकडीच्या मोदकांना पान उकडीच्या पाण्यात घालायचं. वाटीभर पाणी, एक पान, पाच मिनिटं झाकून उकळी, पान बाहेर, मग मीठ-तूप आणि पिठी. सारण नेहमीचंच. मोदकपात्रात खाली हळदीची पानं घालत असाल तर दोन्हीतलं एकच घ्या, दोन वास एकमेकांत मिसळून काहीच धड कळत नाही. तांदळाच्या खिरीला अर्ध्या लिटर दुधात दोन पानं, दहा मिनिटं. चहालाही चालतं, गवती चहासारखं, पण दूध न घालता जास्त छान लागतं.

श्रीलंकेत रंपेचे बोटभर तुकडे करून कढीपत्त्याबरोबर फोडणीत टाकतात. त्या पद्धतीने मी मसूरची आमटी नारळाच्या दुधात केली, घरी आता ती ठरून गेली आहे. तेल फार तापलेलं नको, तुकडे करपले की वास कडवट होतो. थायलंडमध्ये चिकनचे तुकडे या पानात गुंडाळून तळतात, तिथे पान म्हणजे वेष्टण आणि मसाला दोन्ही.

हिरवा अर्क

इंडोनेशियातल्या क्लेपोन नावाच्या तांदळाच्या पिठाच्या गोड गोळ्यांचा किंवा हिरव्या शिफॉन केकचा रंग बघितला असेल, तो याच पानाचा. करायला सोपा, पण एक रात्र थांबावं लागतं.

दहा-बारा जून पानं धुऊन कात्रीने बारीक कापा. मोठे तुकडे टाकले तर धागे मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात. अर्धी वाटी पाणी घालून वाटा, मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळून गाळा. हे पाणी काचेच्या पेल्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि हलवू नका. सकाळी पेल्यात दोन थर दिसतील : वर फिकट पिवळसर पाणी, तळाशी बोटभर गडद हिरवा गाळ, शाईसारखा दाट. वरचं पाणी अलगद ओतून टाका, भातात घातलंत तरी चालेल. खालचा थर म्हणजे अर्क. चार-पाच माणसांच्या खिरीला एक चमचा पुरतो. आठवड्याच्या आत संपवा.

आंबट पदार्थात किंवा फार वेळ उकळल्यावर त्याचा हिरवा रंग मातकट होतो, म्हणून शेवटी घाला. बाजारात पंदन इसेन्सच्या भडक हिरव्या बाटल्या मिळतात. त्यात बहुधा खायचा रंग आणि कृत्रिम वास असतो, पानाची चव तिच्यात शोधू नका. आणि हे स्वयंपाकातलं पान आहे, कुठल्या आजारावरचं औषध म्हणून रोज काढा पिण्याच्या फंदात पडू नका.

उरलेली पानं आणि फुटवे

काढलेली पानं ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहतात. जास्त दिवस ठेवायची तर धुऊन, पूर्ण पुसून, आधीच गाठी मारून फ्रीजरच्या पिशवीत भरा आणि गोठलेलं पान तसंच आधणात टाका. उन्हात वाळवून डब्यात ठेवू नका, महिन्याभरात नुसतं गवत उरतं.

दुसऱ्या पावसाळ्यात बुंध्याशी आणि पानांच्या बेचक्यांत फुटवे दिसू लागतील. वीतभर झाले, त्यांना स्वतःची मुळं सुटली, की धारदार सुरीने बुंध्याजवळून कापा. कापलेल्या जागी हळद दाबून अर्धा दिवस सावलीत सुकू द्या. कुणाला द्यायचा असेल तर मुळांना ओला कागद, त्यावर प्लास्टिक, पानं मोकळी. असा गुंडाळलेला फुटवा मी रात्रीच्या गाडीने कोल्हापूरला पाठवला आहे, तिसऱ्या दिवशी पोचून पाण्यात ठेवला तरी जगला. सोबत एक जून पान गाठ मारून द्या, म्हणजे घेणाऱ्याला त्याच संध्याकाळी भात करून बघता येईल.